डाव्या कडेला, चार सेकंदं

मला कोणी विचारलेलं नाही, तरी सांगतो.
डबा उघडताना मधला दात तुटतो
आणि चकती आत खुळखुळत राहते: हा गुन्हा आहे.
पत्र्याच्या नक्षीदार पेट्या, वर आकडा कोरलेला,
सोबत चार पोस्टकार्डं, घडी पडलेलं एक पोस्टर,
नाकापेक्षा मोती जड.
सुरुवातीला तंबी: चोरी करू नका.
पुढे ढकलता येत नाही,
आणि बघावी लागते फक्त पैसे मोजून घेणाऱ्याला.
सबटायटल्स पिवळी हवीत. पांढरी बर्फात बुडतात,
आणि आमच्या सिनेमात बर्फच जास्त.

मी तौनो. कोत्का बंदरात एकतीस वर्षं क्रेन चालवली.
उंचावर बसलेल्या माणसाला मध्यापेक्षा कडा आधी दिसतात.

हा एक सिनेमा माझ्याकडे चार वेळा आहे.
दुकानवाला पासी म्हणतो, एवढ्यात होडीचं इंजिन आलं असतं.

एक्याऐंशीच्या फेब्रुवारीत ते लोक आले.
समुद्र गोठलेला, दिग्दर्शकाच्या मिशीत बर्फाचे खडे.
बोटीच्या रांगेत उभं राहायला त्यांना माणसं हवी होती.
दिवसाला शंभर मार्क, वर वाटाण्याचं सूप.
इर्या मासळीच्या कारखान्यातून सुटली ती थेट तिथे,
अंगाला हेरिंगचा वास,
गळ्यात मी घेतलेला लाल स्कार्फ.

पहिली कॅसेट.
टीव्ही चौकोनी, म्हणून सिनेमाही चौकोनी केलेला,
पावाच्या कडा काढाव्यात तसा दोन्हीकडून कापून.
रांग होती. इर्या नव्हती.
फक्त डावीकडून स्कार्फचं टोक दोनदा आत यायचं,
आणि कॅसेटचा लाल तो, हद्दीत थोडाच राहतोय,
शेजाऱ्याच्या करड्या कोटावर सांडायचा.
ती सोफ्यावरून ओरडायची, ती बघ मी!
पाहुण्यांना बघावंच लागायचं.

डीव्हीडीत रुंदी आली, पण चारही बाजूंनी काळं,
मधे टपालाच्या तिकिटाएवढा सिनेमा,
त्यात नखाएवढी इर्या.
चष्मा लावून पाहिलंन. म्हणाली,
जाडी दिसत नाही, बरं आहे.

ब्लू-रे आली तेव्हा घरात मी एकटाच होतो.
पाकीट दोन दिवस तसंच ठेवलं.
मग पूर्ण चौकट, पूर्ण चार सेकंदं,
ती मागे वळते, कुणाला तरी हसते.
पण कुण्या स्वच्छतेच्या भोक्त्याने
फिल्मवरचे कण पुसून काढलेत,
आणि कणांसोबत तिच्या गालावरचा कांजिण्यांचा खड्डा.
मेणबत्तीवाल्याने केलेली इर्या.
कण म्हणजे धूळ नव्हे, किती जणांना सांगू?
फिल्मवर माणूस कणांचाच असतो,
ते पुसले की उरतो तो फर्निचर पॉलिश केलेला कुणीतरी.

यंदा फोर-के. खड्डा परत आला, त्याचे आभार.
पण रंग कुणी सुधारलेत.
सगळं बंदर काचेच्या बाटलीसारखं हिरवट निळं
आणि स्कार्फ, गाजर.
मी उठलो, कपाट उघडलं,
खरा स्कार्फ काढून पडद्याशी धरला.
एकाहत्तर वर्षांचा माणूस, टीव्हीसमोर, हात वर करून.
मी बरोबर होतो.

समालोचनही आहे. कुणी प्राध्यापक बोलतो,
आवाज छान, दोन तास श्वास न घेता.
नेमक्या त्या चार सेकंदांत म्हणतो,
इथली गर्दी, लक्षात घ्या, निनावी आहे.

साहेब, इर्या कोस्किवारा. रात्रपाळी, दुसरा पट्टा.

माझं मत विचाराल तर:
चित्राला पाचपैकी साडेतीन. वारा उत्तम ऐकू येतो.
मुखपृष्ठावर नायिकेचं फक्त डोकं, तेही दुसऱ्याच प्रसंगातलं.
घ्या, पण सवलतीत घ्या.

कॅसेटचं यंत्र मात्र टाकलेलं नाही.
पासीने कुठल्याशा मेलेल्या मशीनचा रबरी पट्टा बसवून दिला.
आधी खाकरतं, मग गिळतं.
पांढरी रेघ खालून वर सरकते, चित्र थरथरतं,
रांग उभी आहे, बर्फ, करडा कोट.
थांबा. आत्ता.
डावीकडे बघा.